आजार गेला, धोका उरला : फुचा खटला आणि समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात टेरी फुचा नावाच्या माणसावर दोन आरोप होते. एक घरफोडीचा, दुसरा बेकायदा गोळी झाडल्याचा. घरफोडीही साधी नव्हे, तिथल्या कायद्यातल्या गंभीर घरफोडीच्या कलमाखालची. न्यायालयाने त्याला तपासायला दोन डॉक्टर नेमले. याच्यावर खटला चालवावा इतके याचे चित्त थाऱ्यावर नाही, असे आधी ठरले. चार महिन्यांनी तो सावरल्याचे दिसले. मग १२ ऑक्टोबर १९८४ रोजी न्यायाधीशांनी निकाल दिला. गुन्हा घडला तेव्हा आपण काय करतो आहोत, त्याचा परिणाम काय होईल, त्यात बरे काय आणि वाईट काय, हे या माणसाला कळत नव्हते. सबब मनोविकल अवस्थेमुळे निर्दोष.

निर्दोष, पण मोकळा नाही. हा माणूस अजूनही भानावर नाही आणि स्वतःला व इतरांना त्याच्यापासून धोका आहे, असेही त्याच निकालात नोंदले होते. त्यामुळे फुचाची रवानगी ईस्ट फेलिसियाना इथल्या मनोरुग्णालयात झाली. हे रुग्णालय खास न्यायालयाकडून आलेल्या रुग्णांसाठीचे. शिक्षाच नसल्यामुळे शिक्षेची मुदतही नाही. बरा होईपर्यंत आत राहायचे, असा हा व्यवहार.

१९८८ साली रुग्णालयाच्या अधीक्षकांनीच त्याला सोडावे अशी शिफारस केली. तिथल्या तीन जणांच्या समितीने मार्च महिन्यात अहवाल दिला की दाखल झाल्यापासून या माणसात मानसिक आजाराचा काहीही पुरावा आढळलेला नाही. अटी घालून सोडायला हरकत नाही. लुइझियानाच्या कायद्यात मात्र एवढ्यावर भागत नव्हते. आपण धोकादायक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे रुग्णावरच होती. न्यायाधीशांनी पूर्वीच्याच दोन डॉक्टरांना पुन्हा बोलावले. आजार सध्या ओसरलेला आहे, पण बाहेर गेल्यावर हा स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणार नाही याची हमी आम्ही देऊ शकत नाही, असे त्यांनी लिहून दिले.

त्यांच्यापैकी एक डॉक्टर साक्षीला उभे राहिले, आणि त्यांच्या त्या साक्षीवरच पुढचे सगळे उभे आहे. दाखल झाला तेव्हा याला बहुधा अमली पदार्थांमुळे आलेला सायकोसिस होता, म्हणजे वास्तवाचे भान तात्पुरते सुटले होते. त्यातून तो बरा झाला. आता सायकोसिस नाही, न्यूरोसिस म्हणजे चिंता-भीतीचा सौम्य विकारही नाही, मनाने तो ठीक आहे. मात्र याचे व्यक्तिमत्त्व समाजविरोधी आहे. तो मानसिक आजार नव्हे, आणि त्यावर उपचारही नाही. रुग्णालयात याच्या काही मारामाऱ्या झालेल्या आहेत. तेव्हा हा कुणाला धोका नाही असे प्रमाणपत्र द्यायला आपले मन धजत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

न्यायाधीशांनी फुचाला परत रुग्णालयात पाठवले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. म्हणजे स्थिती अशी की माणूस रुग्णालयात आहे आणि आजार नाही असे डॉक्टरच शपथेवर सांगत आहेत. जे काही आहे त्यावर त्यांच्याच मते उपचार नाही. तरीही तो रुग्णालयातच राहणार, आणि कधीपर्यंत, ते ठरलेले नाही.

डॉक्टर कशाबद्दल बोलत होते

समाजविरोधी व्यक्तिमत्त्व हे त्या डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने काढलेले खूळ नव्हते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९५२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून हा प्रकार वेगवेगळ्या नावांनी आहे. १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला काटेकोर निकष मिळाले. आजच्या आवृत्तीनुसार माणूस किमान १८ वर्षांचा हवा. पंधराव्या वर्षाआधीच त्याच्यात वर्तनविकाराची चिन्हे दिसलेली हवीत: मारामाऱ्या, प्राण्यांना किंवा माणसांना छळणे, आगी लावणे, चोऱ्या, घरातून पळून जाणे. आणि पंधरानंतर इतरांचे हक्क पायदळी तुडवण्याची सवय सात निकषांपैकी निदान तिनांत दिसायला हवी. अटकेला पात्र ठरतील अशी कृत्ये वारंवार करणे, खोटे बोलणे आणि फसवणे, पुढचा विचार न करता वागणे, भडक डोके आणि हाणामारी, स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाची बेपर्वाई, नोकरी व देण्याघेण्यातली सततची बेजबाबदारी, आणि केल्याचा पश्चात्ताप नसणे. हे सगळे केवळ स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या झटक्यात घडलेले नसावे, अशी शेवटची अट.

निकष नीट पाहिले की एक गोष्ट खटकते. पश्चात्तापाचा मुद्दा सोडला तर बाकीचे जवळजवळ सगळे माणसाच्या वागण्याबद्दल आहे. त्याला आतून काय वाटते, त्याच्या मनात काय चालते, याबद्दल फारसे काही नाही. नैराश्याचा रुग्ण सांगतो की झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आवाज ऐकू येतात. इथे मात्र तक्रार करणारे सहसा दुसरेच असतात: बायको, आई, भागीदार, पोलीस. आणि मग युक्तिवाद गोल फिरू लागतो. हा गुन्हे का करतो? व्यक्तिमत्त्व समाजविरोधी आहे म्हणून. समाजविरोधी कशावरून? गुन्हे करतो यावरून. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बार्बरा वूटन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच या गोलपणावर बोट ठेवले होते आणि त्याला समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

तरी हे निदान पोकळ आहे असे म्हणवत नाही. सेंट लुइसच्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा सुमारे तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ साली निष्कर्ष मांडले. लहानपणी टोकाचे समाजविरोधी वागणारी बहुतेक मुले मोठेपणी तशी राहत नाहीत. पण मोठेपणी जे तसे असतात, ते बहुतेक सगळे लहानपणीही तसेच होते. म्हणजे काहीतरी टिकाऊ गोष्ट इथे आहे, एखाद्या रागाच्या भरातला गुन्हा आणि ही जन्मभराची चाल यांत फरक आहे. पंधराव्या वर्षाआधीच्या चिन्हांची अट निकषांत आली ती याच कामामुळे. रुग्णालयातल्या चार मारामाऱ्या पाहून हे निदान करता येत नाही. त्यासाठी शाळेचे, घराचे, बालपणाचे खाते उघडावे लागते.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. चित्रपटांतला थंड डोक्याचा, गोडबोल्या, सराईत खुनी, म्हणजे सायकोपॅथ, आणि हे निदान एकच आहे असे लोक धरून चालतात. तुरुंगात पाहिले तर सायकोपॅथीच्या कसोटीला उतरणारे बहुतेक जण समाजविरोधी विकाराच्या निकषांत बसतात, पण उलट खरे नाही. समाजविरोधी निदान मिळालेल्यांपैकी थोडेच सायकोपॅथ असतात. बाकीचे म्हणजे भडक माथ्याचे, व्यसनात अडकलेले, घडी न बसलेले लोक.

मग आजार कशाला म्हणायचे

योगायोगाने, फुचाचा निकाल लागला त्याच १९९२ साली जेरोम वेकफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने मानसिक विकाराची एक व्याख्या मांडली, जी आजही चर्चेत आहे. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र लागतात. मनाची एखादी निसर्गदत्त यंत्रणा तिचे काम करत नसली पाहिजे, आणि त्यातून माणसाला त्याच्या समाजाच्या दृष्टीने हानी व्हायला हवी. पहिली गोष्ट तथ्याची, दुसरी मूल्याची. नुसती हानी पुरत नाही, नाहीतर गरिबीही आजार ठरेल. नुसता बिघाडही पुरत नाही, कारण कुणाचेच काही न बिघडवणाऱ्या बिघाडाला डॉक्टर कशाला हवा?

ही कसोटी समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाला लावली की हानीबद्दल वाद उरत नाही. प्रश्न पहिल्या अर्ध्यावर अडतो. दुसऱ्याच्या वेदनेने आपल्याला काहीतरी होणे, शिक्षेतून शिकणे, आवेग आवरणे, या यंत्रणा इथे बिघडलेल्या आहेत का? काहींच्या बाबतीत हो म्हणायला जागा आहे. पण ज्या वस्तीत आधी हात उचलणारा टिकतो, तिथे वाढलेल्या पोराचा भडकपणा म्हणजे बिघाड की तिथे शिकलेला धडा, हे निकषांची यादी सांगू शकत नाही. डीएसएमने स्वतःच्या व्याख्येत ही पाचर मारून ठेवली आहे. व्यक्ती आणि समाज यांच्यातला संघर्ष हा विकार नव्हे. तो व्यक्तीच्या आतल्या बिघाडातून आला असेल तरच विकार. ही खबरदारी अनुभवातून आली. समलैंगिकता १९७३ पर्यंत याच यादीत विकार म्हणून होती, आणि सोव्हिएत राजवटीत सरकारविरोधी बोलणाऱ्यांना मनोरुग्ण ठरवून डांबले जात होते.

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी या आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत वेगळी वाट धरली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या त्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने बहुतेक कप्पे मोडून टाकले. आता विकार आहे का आणि सौम्य, मध्यम की तीव्र, एवढे ठरवायचे. मग त्याच्या स्वभावाची छटा नोंदवायची. इतरांच्या हक्कांची व भावनांची पर्वा नसणे ही त्यांतली एक छटा. माझ्या मते हे अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात कृत्यांच्या यादीऐवजी स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले हे आधी विचारले जाते. न्यायालयाला मात्र अशी छटा कामाची नसते. त्याला हो किंवा नाही हवे असते.

शुक्रवार ते सोमवार

हो की नाही या प्रश्नाने डॉक्टर पूर्वीही गोत्यात आले होते. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९५४ साली डरहॅम खटल्यात नियम घातला की गुन्हा मानसिक आजाराचे किंवा व्यंगाचे फळ असेल तर आरोपी जबाबदार नाही. आजार म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. ते डॉक्टरांवर सोपवले. तिथल्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयाचे डॉक्टर सांगत असत की समाजविरोधी व्यक्तिमत्त्व हा आजार नव्हे. १९५७ साली एका सुनावणीत तिथल्या डॉक्टरांनी शुक्रवारी तसेच सांगितले. शनिवार-रविवारी रुग्णालयात धोरण बदलले आणि सोमवारी तेच निदान आजार झाले. रुग्णाच्या मेंदूत त्या दोन दिवसांत काही बदलले नव्हते. पण त्याच्या महिनाभर आधी दोषी ठरलेल्या एका आरोपीला पुढे याच कारणावरून नव्याने खटला मिळाला. शेवटी १९६२ साली न्यायालयाने कायद्यापुरती आजाराची व्याख्या स्वतःच केली आणि १९७२ साली तर डरहॅमचा नियमच गुंडाळला.

त्याच १९६२ साली अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेपंडितांच्या संस्थेने राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श दंडसंहिता तयार केली. तिच्यात स्पष्ट लिहिले की केवळ वारंवार गुन्हेगारी किंवा समाजविरोधी वागण्यातूनच जी विकृती दिसते, ती आजार धरली जाणार नाही. दारातून आत येताना हे निदान चालणार नाही, असा त्याचा अर्थ. पण हीच संहिता सुटकेच्या बाबतीत दुसरी भाषा बोलते. मनोविकल म्हणून सुटलेल्याला रुग्णालयातून सोडायचे की नाही, हे तो बरा झाला का यावर ठरवू नये, तो धोकादायक आहे का यावर ठरवावे. कारण आजार सुधारला तरी त्याच्या व्यक्तिमत्त्वातल्या इतर गोष्टींमुळे धोका उरू शकतो, असे तिच्या भाष्यात आहे. म्हणजे ज्या व्यक्तिमत्त्वामुळे आरोपी निर्दोष ठरू शकत नाही, त्याच व्यक्तिमत्त्वासाठी त्याला रुग्णालयात ठेवता येते. लुइझियानाने नेमके हेच केले होते.

पाच विरुद्ध चार

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर १९९१ रोजी युक्तिवाद झाला आणि १८ मे १९९२ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीश फुचाच्या बाजूने, चार विरोधात. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे.

व्हाइट यांचा युक्तिवाद सरळ आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाला रुग्णालयात ठेवण्याचा आधार दुहेरी असतो: तो आजारी आहे आणि धोकादायक आहे. दोन्ही पाय हवेत. १९७५ च्या डोनाल्डसन खटल्यापासून न्यायालय हेच सांगत आले होते. इथे आजाराचा पाय राज्यानेच काढून टाकलेला आहे, कारण फुचा आता आजारी आहे असा राज्याचा दावाच नाही. मग उरतो धोका, आणि तोसुद्धा डॉक्टर खात्री देत नाहीत एवढ्यावर. शिवाय तो सिद्ध करण्याचे ओझे राज्यावर नाही, कैद्यावर. हे चालू दिले तर शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही गुन्हेगाराला, त्याच्यात व्यक्तिमत्त्व विकार आहे आणि तो पुन्हा गुन्हा करू शकतो असे म्हणून, बेमुदत अडकवता येईल, असा इशारा व्हाइट यांनी दिला. हा इशारा पोकळ नाही. २००२ साली सीना फझेल आणि जॉन दानेश यांनी १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांपैकी २१ टक्के या निदानात बसले. निम्मा तुरुंग ज्या चाळणीतून पार होतो, ती चाळणी वापरून कुणाला आत ठेवायचे हे ठरवता येत नाही.

विरोधी मते झटकून टाकण्यासारखी नाहीत. न्यायमूर्ती केनेडी यांचे म्हणणे असे की हा काही रस्त्यावरून उचललेला निरपराध माणूस नव्हे. गुन्ह्याचे कृत्य त्याच्या हातून घडले आहे आणि आपण मनोविकल होतो हा बचाव त्याने स्वतःहून घेतला आहे. तो दोषी ठरला असता तर तुरुंगात कित्येक वर्षे गेला असता. न्यायमूर्ती थॉमस यांनी आदर्श दंडसंहितेचा दाखला दिला: केवळ धोक्याच्या आधारावर सुटका रोखणे हे लुइझियानाचे तिरपागडे डोके नाही, कायदेपंडितांनीच ते सुचवले होते. सामान्य माणसाला हा मुद्दा पटकन पटतो. गोळी झाडणारा चार वर्षांत घरी, हे पीडिताच्या घरच्यांना कसे सांगायचे?

पाचवे मत न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे, आणि खरी मेख तिथे आहे. त्या बहुमतात आल्या पण दार पूर्ण उघडले नाही. अशा माणसाचे शुद्धीवर आल्यानंतरचे स्थानबद्ध राहणे काही प्रसंगी चालूही शकेल, मात्र त्याचे स्वरूप आणि काळ धोक्याशी बांधलेले हवेत, आणि मनोरुग्ण म्हणून ठेवायचे तर काहीतरी वैद्यकीय कारण हवेच, असे त्यांनी लिहिले.

निकाल काय म्हणत नाही

हा खटला पुष्कळदा असा सांगितला जातो: समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार हा मानसिक आजार नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तसे काहीही ठरलेले नाही. न्यायालयाने एका डॉक्टरची साक्ष जशीच्या तशी स्वीकारली, कारण राज्याने तिला आव्हान दिले नव्हते. त्या सुनावणीत डॉक्टरांनी वेगळे उत्तर दिले असते, की बाबांनो, हा विकार आमच्या निदानपुस्तिकेत आहे, तो व्यक्तीच्या विचारांत आणि आवेगांत खोल बिघाड दाखवतो, तर सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळाच प्रश्न आला असता. फुचा सुटला तो एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य १९८८ सालच्या डॉक्टरांत सर्वमान्य नव्हते. डीएसएमच्या १९८७ च्या सुधारित आवृत्तीत हा विकार होताच.

माझे मत असे की निकाल बरोबर आहे, पण ज्या साक्षीवर तो उभा आहे तिच्यातली दोन विधाने एका दमात यायला नको होती. आजार नाही हे वर्गीकरणाबद्दलचे मत झाले. त्यावर वाद घालता येतो. उपचार नाही हे तथ्याबद्दलचे विधान, आणि ते इतक्या ठामपणे करण्याजोगे तेव्हाही नव्हते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेने २००९ साली या विकारासाठी खास मार्गदर्शिका काढली. तिच्यात या विकारासाठी म्हणून सरसकट औषधे देऊ नका असे म्हटले आहे, पण गटात चालणाऱ्या, विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारांची शिफारस आहे, सोबतच्या व्यसनांवर आणि नैराश्यावर उपचार करा असा आग्रह आहे, आणि सगळ्यात जास्त भर आहे तो लहान मुलांच्या वर्तनविकारावर वेळीच, आईबापांना सोबत घेऊन काम करण्यावर. शिवाय चाळिशीच्या आसपास अनेकांत या विकाराची धार कमी होते हे डीएसएमही नोंदवते. काहीच होऊ शकत नाही असे एकदा म्हटले की रुग्णालयाचे काम संपते आणि कोठडीचे सुरू होते. लुइझियानात कोठडीला रुग्णालयाची पाटी लावली होती.

मेलबर्नमध्येही हाच पेच दुसऱ्या टोकाने आला होता. गॅरी डेव्हिड हा कैदी शिक्षा संपत आली असताना बाहेर पडल्यावर लोकांची कत्तल करण्याच्या धमक्या देत होता आणि तुरुंगात स्वतःच्या देहाची भयंकर चिरफाड करत होता. केवळ समाजविरोधी व्यक्तिमत्त्व म्हणजे मानसिक आजार नव्हे असे व्हिक्टोरिया राज्याच्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलेले होते. डॉक्टरांत फूट पडली. शेवटी राज्याने १९९० साली त्या एका माणसाला आत ठेवण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो १९९३ साली कोठडीत असतानाच, स्वतःला केलेल्या जखमांमुळे मेला. इतके स्वतःला फाडणाऱ्या माणसाला आजार नाही म्हणायला मला जड जाते, पण त्याच्यासाठी केलेला कायदा उपचाराचा होता असेही कुणी म्हणणार नाही.

अमेरिकेत दार लगेच पुन्हा अर्धे लोटले गेले. कॅन्सस राज्याने १९९४ साली लैंगिक गुन्हेगारांना शिक्षा संपल्यावरही ठेवता येईल असा कायदा केला आणि आजार हा शब्द टाळून मानसिक विकृती किंवा व्यक्तिमत्त्व विकार असे लिहिले. १९९७ साली हेंड्रिक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केला. निकालपत्र थॉमस यांचे, म्हणजे फुचा खटल्यात हरलेल्या बाजूचे. आणि ओकॉनर या वेळी त्यांच्याबरोबर. हेंड्रिक्सला लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ होती, जी मनोविकारशास्त्रातही विकार मानली जाते. पाच वर्षांनी क्रेन खटला आला. क्रेनमध्ये समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराचेही निदान होते. तेव्हा न्यायालयाने लगाम घातला की स्वतःला आवरण्यात गंभीर अडचण आहे हे दाखवावे लागेल, नाहीतर असा माणूस आणि पुन्हा पुन्हा गुन्हे करणारा साधा गुन्हेगार यांत फरक करता येणार नाही. पुरुष कैद्यांपैकी ४० ते ६० टक्के या निदानात बसतात, हा आकडा त्या निकालपत्रात आहे.

इथे असा खटला आला तर

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा मानसिक आजाराची व्याख्या करतो: विचार, भावस्थिती, संवेदन, भान किंवा स्मृती यांत असा मोठा बिघाड, की ज्याने निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची ताकद किंवा रोजच्या जगण्याच्या गरजा भागवण्याची क्षमता फार खालावते. दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात स्पष्टपणे घेतल्या आहेत. म्हणजे १९८४ चा फुचा या व्याख्येत आरामात बसतो. १९८८ चा फुचा बसेल का? व्यक्तिमत्त्व हा शब्द यादीत नाही. कलम ३ प्रमाणे निदान आयसीडीसारख्या मान्य मानकांनी करायचे, आणि आयसीडीत व्यक्तिमत्त्व विकार आहेत. पण तेच कलम पुढे बजावते की समाजातल्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे यावरून कुणाला आजारी ठरवू नये. पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही, हेही त्यात आहे. केवळ समाजविरोधी व्यक्तिमत्त्व, सोबत दुसरे काही नाही, अशा माणसाला या कायद्याखाली त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करणे मला अवघड दिसते.

फौजदारी बाजू मात्र लुइझियानाच्या जवळची आहे. मनोविकल अवस्थेचा बचाव आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे हे कळत नसेल तरच तो मिळतो. वैद्यकीय निदान आणि कायद्यातला बचाव एक नव्हेत हे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे, त्यामुळे समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर कुणी सुटेल ही भीती अनाठायी. खरा प्रश्न सुटल्यानंतरचा. असा निर्दोष ठरलेला माणूस सुरक्षित ताब्यात ठेवला जातो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७७ प्रमाणे तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका नाही असे प्रमाणपत्र मिळाले तर सरकार त्याला सोडू शकते. आजार संपला का, असा वेगळा प्रश्न ते कलम विचारतच नाही. येरवड्याच्या किंवा नागपूरच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरसमोर फुचासारखा रुग्ण आला, तर त्याच्याही मतावर शेवटी तेच प्रमाणपत्र मिळणार किंवा अडणार, जे लुइझियानाच्या डॉक्टरला देववले नाही.

दुसरीकडे, धोकादायक म्हणून कुणाला अडकवायला महाराष्ट्राला डॉक्टरची गरज कधी पडलेली नाही. तडीपारी आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत. एमपीडीए हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे, १९८१ चा. त्यात झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांबरोबर धोकादायक व्यक्ती असा स्वतंत्र वर्गच आहे, आणि सवयीने ठरावीक गुन्हे करणाऱ्याला सल्लागार मंडळाच्या मंजुरीने एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. या कायद्यांवर आक्षेप पुष्कळ आहेत आणि उच्च न्यायालय असे आदेश अनेकदा रद्दही करते. पण त्यांत एक गोष्ट सरळ आहे: मुदत लिहिलेली आहे, कारण लिहून द्यावे लागते, आणि रुग्णालयाचा आडोसा घेतलेला नाही. फुचाच्या कोठडीला यांतले मुदतीचे बंधनही नव्हते.

म्हणून इथल्या एखाद्या डॉक्टरवर उद्या अशा प्रमाणपत्रासाठी मत लिहायची वेळ आली, तर माझ्या मते त्याने तीन उत्तरे तीन वेगळ्या परिच्छेदांत द्यावीत. ज्या आजारासाठी हा इथे आला तो आज आहे का. व्यक्तिमत्त्वाबद्दल काय आढळले, कोणत्या वयापासून, कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्यावर इथे कोणते उपचार केले. धोका कशाचा, कुणाला, किती काळात, आणि कोणत्या अटींनी तो कमी होईल: व्यसन सोडवणे, नियमित तपासणी, घरात शस्त्र नसणे. हमी देता येत नाही हे वाक्य त्यात लिहायचे नाही. तशी हमी कुणाही माणसाबद्दल कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही.